ओनोफ्रेतात्याची इर्जिक

ओनोफ्रेतात्याने इर्जिकीसाठी डुक्कर मारलं आणि जेवायला कोणी फिरकलं नाही, ही गोष्ट आमच्या खोऱ्यात लोक अजून आवाज खाली करून सांगतात. मी तसं करणार नाही. न गेलेल्यांत मीही होते, आणि पुढे जे झालं ते तर माझ्याच तोंडाने झालं.

त्या वर्षी नदीकाठाने लाल खुंट्या ठोकल्या गेल्या. धरणवाल्या कंपनीची माणसं होडीतून आली आणि कोणाशी चकार शब्द न बोलता खुंट्या ठोकून गेली. एक माझ्या केळीच्या बागेच्या वरच्या अंगाला, एक शाळेच्या भिंतीशी, एक चर्चच्या पायरीजवळ. खुंटीच्या खालचं सगळं पाण्यात जाणार होतं. पेद्रा लिसात घरं पंचेचाळीस. त्यातली नऊ तेवढी खुंटीच्या वर होती, आणि त्या नवांत सगळ्यात उंचावरचं घर ओनोफ्रेतात्याचं.

खुंट्यांमागोमाग सेल्मा नावाची एक पाहणीवाली बाई शहरातून आली. केस पिकलेले, पायात रबरी बूट. तिने शाळेत सगळ्यांना बसवून सांगितलं की असा एक कायदा आहे: ज्यांचे वाडवडील गुलामीतून पळून किंवा सुटून आले, इथे वसले आणि तेव्हापासून जमीन कसताहेत, त्यांची जमीन सरकार साऱ्या गावाच्या नावाने करून देतं. मग ती विकता येत नाही, आणि कोणाला बुडवताही येत नाही. फक्त गावाने स्वतः म्हणायला हवं की आम्ही त्यांचे.

होडी चालवणारा लिंदोल्फो तेव्हा गावकमिटीचा मुख्य होता. त्याने लगेच वही काढली. लोक रांगेने उठले. ज्याला येत होतं त्याने सही केली, बाकीच्यांनी अंगठा. रांग संपली तरी ओनोफ्रेतात्या मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसलेलाच.

"तात्या, या की," लिंदोल्फो म्हणाला.

"मी अंगठा देनार न्हाई."

"कशापायी?"

"आमी कुनाचे गुलाम न्हवतो. माझी आजी तेओदोरा डोंगरापल्याडनं आली ती मोकळी आली. तिनं मला तसंच सांगितलंय."

"मंग तुमचं कातडं काय उन्हानं रापलं व्हय, तात्या?"

अख्खी शाळा हसली. मीही हसले. तात्या उभा राहिला. सहासष्टाव्या वर्षीही तो ताठ होता. भाताच्या उतारावर जन्म काढलेल्या माणसाच्या पोटऱ्या कशा असतात तशा त्याच्या होत्या.

"हसा. सांतानाच्या बाजारात कुनी काळा म्हनलं की चाकूला हात घालनारे तुमीच. शिरगनतीवाला आला की सावळं लिवा, सावळं लिवा म्हनून त्याला कॉफी पाजनारे तुमीच. आन् आता जिमीन मिळतीया म्हनल्यावर काळं व्हायला रांग लावलीया!"

हसू जागच्या जागी विरलं. खोटं काही नव्हतं त्यात. मी पाळण्यात होते तेव्हा आई रोज तेलाच्या बोटांनी माझं नाक चिमटीत धरून ओढायची, टोकदार व्हावं म्हणून. ते झालं नाहीच, पण ओढण्याची आठवण आई हसत सांगायची. खरं बोललेलं लोकांना सोसत नाही. त्यातून बोलणाऱ्याचं घर खुंटीच्या वर असेल तर अजिबातच नाही.

"ह्याचं काय बुडतंय?" बाहेर पडताना कोणीतरी म्हणालं, आणि दोन दिवसांत ते वाक्य सगळ्या गावाचं झालं.

माझी पंचाईत वेगळी होती. ओनोफ्रेतात्या माझा धर्मबाप. माझा बाप्तिस्मा त्याच्या हातांवर झाला. आमच्याकडे धर्मबाप दिसला की जिथे असाल तिथे थांबायचं, हात पुढे करायचा आणि आशीर्वाद मागायचा. डोक्यावर केळीचा घड असला तरी तो खाली ठेवायचा. मी हात पुढे केला की तात्या माझी बोटं त्याच्या खरखरीत मुठीत घ्यायचा आणि म्हणायचा, "देव तुझं भलं करो, पोरी." चाळीस वर्षं हे चाललं होतं. माझा नवरा नदीत गेला त्या दिवशीही तात्या आधी तेच बोलला होता. त्या सभेनंतर मात्र मी नदीकडे जायला खालची वाट धरली, म्हणजे तात्याची गाठ पडायला नको.

फेब्रुवारी सरत आला तसं तात्याचं तांबडं भात पिकलं. उतारभर कणसं वाकली आणि पाखरांचे थवे उतरू लागले. रोज दुपारी डोंगरामागून ढग वर येत होते. आमच्याकडे भात मुळाशी कापत नाहीत, लहान चाकूने एकेक कणीस खुडतात. त्याला पुष्कळ हात लागतात. दोघा म्हाताऱ्या नवराबायकोला तो उतार पंधरा दिवसांत उरकला नसता. त्यांचा मुलगा सोरोकाबाच्या कारखान्यात, वर्षातून एकदा नाताळाला यायचा.

म्हणून तात्या इर्जिकीचं आवतण द्यायला निघाला: गावाने मिळून एकाचं रान उरकायचं आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. ते दारोदार जाऊनच द्यावं लागतं, निरोप चालत नाही. शनिवारी तो माझ्या दारात उभा राहिला. टोपी छातीशी धरलेली, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल नाही.

"जोविने, सोमवारी भात खुडायचं हाय."

"यीन की तात्या," मी म्हणाले. सवयीने हात पुढे केला, त्याने आशीर्वाद दिला आणि पुढच्या दाराकडे वळला.

आता खरी गोम इथे आहे. दारात इर्जिकीला बोलवायला आलेल्याला आम्ही कधी नाही म्हणत नाही. ते मोठं पाप. त्यामुळे बाकीच्या चव्वेचाळीस घरांतल्या एकाही दारात त्याला नकार मिळाला नाही. बाहेरचा माणूस असता तर त्या होकारातला थंडपणा त्याला कळला असता. तात्याने मात्र ज्याच्या त्याच्या रानात पन्नास वर्षं दिवस घातलेले. त्याने रविवारी डुक्कर मारलं.

सोमवारी उजाडताच त्याच्या अंगणातून धूर निघाला. मटणाचा, लसणाचा, घेवड्याचा वास उतारावरून खाली गावात आला. मी चाकू कमरेला खोवून दारात बसले होते. समोरची झुल्मा तिच्या दारात बसली होती. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. पहिलं कोण उठतंय, एवढाच प्रश्न होता. एक जण उठला असता तर चाळीस उठले असते, असं मला आज वाटतं. कोणी उठलं नाही.

ऊन माथ्यावर आलं. तात्याने अंगणात फळ्या जोडून लांबलचक टेबल मांडलं होतं, त्यावर केळीची पानं अंथरलेली. खालून सगळं दिसत होतं. तो टेबलाच्या टोकाशी बसला आणि एकटा जेवला. सावकाश जेवला. मग त्याने पान उचललं, हात धुतले, चाकू घेतला आणि उताराला लागला. मागोमाग त्याची बायको दीताकाकू, कमरेला टोपली बांधून. संध्याकाळी काकूने उरलेल्या मटणाला मीठ चोळलं. घेवडा नासला. तो तिने परसात नेऊन ओतला, तेव्हा झुल्मा उठून घरात गेली. मला तेवढंही जमलं नाही, मी बघत बसले.

बुधवारी पाऊस पडला. फार नाही, पण भात आडवं व्हायला पुरेसा. गुरुवारी सकाळी मी बघितलं तर दीताकाकू उतारावरून बसत बसत खाली येत होती. गुडघा धरला होता तिचा. टोपली डोक्यावर, एक हात टोपलीला, दुसरा चिखलात. ते बघवेना. मी लिंदोल्फोला विचारलं नाही, झुल्माकडे बघितलंही नाही, सरळ वर गेले.

तात्या कंबरेत वाकून आडवी कणसं उचलून खुडत होता. मी हात पुढे केला.

"तात्या, आशीर्वाद."

त्याने चाकू डाव्या हातात घेतला, माझी बोटं धरली. "देव तुझं भलं करो." माझ्या तोंडाकडे त्याने बघितलं नाही. "बोलावलं तवा आली न्हाईस. आज बोलावलेलं न्हाई."

"व्हय तात्या."

"मंग जेवायला वाढनार न्हाई."

"नका वाढू."

तो पुढच्या वाफ्याकडे सरकला. मी आणि काकू मागे राहिलो. ओलं भात हाताला चिकटत होतं. त्याच्या पानांना करवतीची धार असते, मनगटं फाटून निघतात. पावसाने उगवलेलं गवत, त्यात डास. दुपारपर्यंत आम्ही दोघी कामापुरतंच बोललो. मग काकूने पाण्याचा भोपळा माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "लोकं त्याला माजलेला म्हनत्यात ना?"

मी भोपळा तोंडाला लावला.

"माजलेला न्हाई गं त्यो. बांधलेला हाय."

मग तिने सांगितलं. तात्या सहा वर्षांचा होता तेव्हा आजी तेओदोराचे पाय धुवायचं काम त्याच्याकडे होतं. रोज निजायच्या आधी घंगाळात कोमट पाणी घ्यायचं आणि म्हातारीचे पाय धुवायचे. दुसऱ्या कोणाला ती पायाला हात लावू द्यायची नाही. तिच्या डाव्या घोट्याला कायम एक फडकं गुंडाळलेलं असायचं. ते फक्त त्या वेळी सुटायचं. फडक्याखाली घोट्याभोवती कातडं गोल दबलेलं होतं, दाव्याने ढोराच्या मानेला पडतं तसं. त्या घेरात केस उगवत नसत, आणि थंडीत तो भाग ठणकायचा.

"हे काय आजी, म्हनून इचारलं एकदा त्यानं. म्हातारीनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. म्हनली, मी कुनाची न्हवते. माझा बाप कुनाचा न्हवता आन् तू कुनाचा न्हाईस. ह्ये पायाचं गावाला कळंल त्या दिवशी माझा आशीर्वाद तुझ्यावरनं उठंल. मला त्यानं सांगितलं ते बी साप चावला व्हता तवा, तापात." काकूने भोपळा परत घेतला. "आता त्यानं त्या वहीत अंगठा कसा द्यायचा, तूच सांग. तुला म्हनून बोलले हां. पोटात ठेव."

मी डोळ्यांत पाणी आणून हो म्हणाले. ते पाणी खोटं नव्हतं, हेही सांगते. पुढचे पाच दिवस मी त्या उतारावर राबले. तिसऱ्या दिवसापासून आणखी चार बायका आल्या. निम्मं भात वाचलं. काकू रोज आमच्या हातावर गपचूप मिठातल्या मटणाचा तुकडा ठेवायची आणि तात्या दिसलं नसल्यासारखं करायचा.

पंधरा दिवसांनी सेल्माबाई परत आली. तिचा अहवाल जवळजवळ झाला होता. ती माझ्याकडे उतरली, कारण जास्तीची खाट तेवढी माझ्याच घरी होती. सकाळी चुलीजवळ बसून तिने नकाशा उलगडला. गावाभोवती हिरवी रेघ होती आणि रेघेच्या आत मधोमध एक पांढरा डाग.

"हा ओनोफ्रेंचा उतार," ती म्हणाली. "त्या जागेबद्दल माझ्याकडे एक ओळ नाही. त्यांची सही नसली तरी चालेल, पण तिथे कोण वसलं, कुठून आलं, ते कोणीतरी सांगायला हवं. नाहीतर कंपनीचा वकील याच भोकात बोट घालेल. म्हणेल, मधला माणूस स्वतःच म्हणतो आम्ही ते नव्हे, मग बाकीचे कसे? तो उतारही जाईल आणि गावही."

"त्यांचा बी जाईल?"

"आधी तोच जाईल. पाण्यात नाही गेला तरी कंपनीच्या नावावर."

चुलीवर कॉफी उतू गेली. मी ती उतरवली. माझी केळीची बाग डोळ्यांपुढे होती, हे कबूल करते. पण देवाशपथ, तात्याचा उतारही होता. त्याचंच भलं होतंय, असं मनाला समजावलं, आणि माणूस एकदा दुसऱ्याचं भलं करायला निघाला की त्याला थांबवणं अवघड असतं. मी सांगितलं. फडकं, घंगाळ, डावा घोटा, सगळं. सेल्माबाई लिहीत होती. मध्ये तिने चष्मा काढून डोळे पुसले, तेव्हा मला बरं वाटलं.

"नाव घालू ना?" तिने विचारलं.

"घाला," मी म्हणाले. जणू तेओदोरा माझीच आजी.

अहवाल धाडण्याआधी गावासमोर वाचायचा असा नियम होता. रविवारी, प्रार्थना झाल्यावर, सगळे शाळेत जमले. तात्याही आला. इर्जिकीनंतर तो पहिल्यांदाच माणसांत येत होता. आम्हा पाच बायकांच्या येण्याने त्याचा राग थोडा निवळला होता बहुतेक. दीताकाकूने नवा झगा घातला होता. मला तिने जवळ बसायला जागा केली.

सेल्माबाई वाचत गेली. कोणाचा पणजा कुठून आला, पहिली होडी कोणी कोरली, चर्चची घंटा कशी आणली. लोक आपापलं नाव आलं की हसत होते, कोपरं मारत होते. मग ती म्हणाली, "वरच्या उताराची पहिली रहिवासी तेओदोरा. तिच्या डाव्या घोट्याभोवती बेडीचा वळ मरेपर्यंत होता. तिचा नातू लहानपणी रोज तिचे पाय धूत असे."

कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. काकूने पदराने तोंड धरावं तसं झग्याच्या कॉलरने तोंड धरलं आणि माझ्याकडे बघितलं.  ती बाकावर माझ्यापासून थोडी सरकून बसली.

तात्या बसूनच होता. त्याची टोपी मांडीवरून खाली पडली, ती त्याने उचलली नाही. लिंदोल्फोला भरून आलं होतं. तो म्हणाला, "तात्या, आमाला म्हाईत न्हवतं. आमी हसलो. माफी करा." आणि खरंच पाया पडायला वाकला.

तात्याने त्याला हाताने बाजूला केलं, पुढे गेला आणि टेबलावरच्या वहीवर बोट ठेवलं.

"शाई आना."

"तात्या, आता गरज न्हाई, बाई म्हनत्यात तुमच्या अंगठ्याबिगर बी..."

"शाई आन म्हनतो ना! लपवायचं व्हतं तेवढं उघडं पडलं. आता कशाला आडून ऱ्हायचं?"

त्याने अंगठा उठवला. शाळेने टाळ्या वाजवल्या. सगळ्या गावाने मनापासून वाजवल्या, बायका रडत होत्या, आणि त्या आवाजातून तात्या एकटा दाराकडे चालत आला. मी उठून दारात येऊन उभी होते. काय करावं ते मला सुचेना, म्हणून जे आयुष्यभर केलं तेच केलं. हात पुढे केला.

"तात्या, आशीर्वाद."

तो थांबला. माझ्या हाताकडे बघत राहिला. त्याच्या अंगठ्याची शाई ओली होती.

"पोरी," तो म्हणाला. आवाजात राग असता तर मी तो झेलला असता. "मी तुला देत व्हतो त्यो माझा न्हवता. तिचा व्हता. त्यो आज उठला. आता माझ्याजवळ द्यायला काय न्हाई."

माझा हात तसाच राहिला, आणि तो टोपी न घेता उतार चढून गेला.

कागद यायला सहा वर्षं लागली. आला. धरण झालं नाही, खुंट्या कुजल्या, एक तेवढी चर्चच्या पायरीजवळ उरलीय, ती मुलं खेळायला वापरतात. गावाच्या तोंडाशी सरकारी पाटी आहे, बाहेरचे लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. शाळेत मुलांना तेओदोराची गोष्ट शिकवतात, आणि माझी नात ती सांगताना छाती काढून उभी राहते. मला ते आवडतं. माझ्या आईने माझं नाक ओढलं, हिचं कोणी ओढलं नाही.

तात्याच्या इर्जिकीला त्यानंतर दरवर्षी सगळं गाव गेलं. न बोलावता गेलं. तो सगळ्यांना पोटभर वाढायचा. तो भेटला की मी घड खाली ठेवून, टोपली खाली ठेवून हात पुढे करायची. एकदाही चुकवलं नाही, अगदी तो खाटेला खिळला तेव्हाही नाही. तो माझ्या हाताकडे बघायचा आणि म्हणायचा, "भात बरं आलंय औंदा, जोविने."